संध्याकाळचं दूध

५ मार्च २०१९, पुणे

आज तिघांना नाही म्हटलं. एकाला जेवणाचे डबे घरपोच करायचे होते, एकाला लग्नं जुळवायची होती, आणि तिसऱ्याला नक्की काय करायचं होतं ते त्यालाही धड सांगता आलं नाही. तिघंही हुशार. तिघांचेही बूट माझ्या बुटांपेक्षा महाग. मी मान हलवत ऐकून घेतो, शेवटी "विचार करून कळवतो" म्हणतो आणि ते लिफ्टपर्यंत पोचायच्या आत विसरून जातो. कंपनी विकल्यापासून हाच धंदा — दुसऱ्यांच्या स्वप्नांना हो किंवा नाही म्हणायचं. ज्यांना हो म्हटलं त्यातलेही बरेचसे बुडालेच.

विमल म्हणते, "तुम्ही नुसते परीक्षक झालात. स्वतः पेपर लिहायचं सोडूनच दिलंत." नवऱ्याला इतकं खरं बोलू नये!

६ मार्च

आज हो म्हणावंसं वाटलं. फार दिवसांनी.

सत्यभामा नावाची मुलगी आली होती. तिशीची असेल. गेवराईकडच्या तलवाड्याची, घरी मेंढरं, स्वतः औरंगाबादला इंजिनिअर झालेली. तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. पाण्याच्या जारएवढी टाकी टेबलावर ठेवली, तोटी फिरवली आणि पेला माझ्यापुढं सरकवला. "काल संध्याकाळचं दूध हाय सर. रातभर एसटीत होतं. प्या."

प्यालो. गोड! आंबूस वाससुद्धा नाही.

टाकीच्या भिंतीत मेणासारखा एक पदार्थ भरलाय. दिवसा सौरपाट्यांवर तो गोठवून ठेवायचा, संध्याकाळी त्याच गारव्यावर दूध सकाळच्या गाडीपर्यंत टिकवायचं. नेहमीच्या यंत्राला लाइट लागते, पाणी लागतं. बीडकडे यंदा दोन्हीची बोंब. त्यामुळे उन्हाळ्यात दूध संस्था संध्याकाळचं दूध घेतच नाहीत, बायांची अर्धी मेहनत वाया जाते. "सगळा खेळ संध्याकाळच्या दुधाचा हाय," ती म्हणाली. मग तेवढ्याच शांतपणे पुढं — पावसाळ्यापर्यंत कुणी पैसा घातला नाही तर तिला टाक्या बनवायची शेड बंद करावी लागेल.

आमच्या ऑफिसातल्या त्या काचेच्या खोलीत इतक्या वर्षांनी कुणीतरी "हाय" म्हणत होतं. बरं वाटलं.

मोठी टाकी कुठे चालू आहे, विचारलं. म्हणाली, "नांदूरघाटला, जनावरांच्या छावणीत. तिथल्या दूध संस्थेनं जागा दिलीय."

नांदूरघाट माझं गाव. त्या संस्थेचा चेअरमन सुंदरराव, माझा सख्खा थोरला भाऊ. तिला हे ठाऊक नव्हतं. मीही लगेच बोललो नाही.

९ मार्च

दादाबद्दल लिहायचं टाळत होतो.

दुधाची फॅट काढायचं यंत्र मी बनवलं तेव्हा गावोगावच्या संस्थांत काचेच्या नळ्या आणि ॲसिड असायचं. सेक्रेटरी म्हणेल ती फॅट आणि तो म्हणेल तो भाव. माझं यंत्र दूध घालणाऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी द्यायचं. काही चेअरमनना ती चिठ्ठी फार झोंबली, पण लोकांनीच मागणी केली आणि यंत्रं खपली. मराठवाडा झाला, विदर्भ झाला, पार गुजरातपर्यंत गेलो. कंपनी मोठी झाली, मीही मोठा झालो.

एकाच संस्थेनं माझं यंत्र घेतलं नाही — नांदूरघाटच्या. दादा म्हणाला, "भावाचं यंत्र घेतलं तर गाव म्हणंल, सुंदररावनं संस्था घरात घातली." त्यानं दुसऱ्या कंपनीचं घेतलं. त्याचं म्हणणं मला पटलं होतं. पण आवडलं नव्हतं. तेव्हापासून लग्नकार्यात भेटतो, तब्येतपाणी विचारतो, पंगतीत शेजारी बसतो. त्यापलीकडे काही नाही.

१७ मार्च, नांदूरघाट

सकाळी निघालो. मांजरसुंब्याला चहा घेतला. कपिलधारच्या फाट्यावर रिक्षावाले गिऱ्हाईक शोधत उभे. धबधबा कधीच आटलाय, पण दर्शनाला लोक येतातच.

छावणी गावाबाहेर माळावर. हिरव्या जाळ्या, पत्रे, उसाचे वाढे आणि जिकडे बघावं तिकडे शेपट्या. नुसती जनावरंच नाहीत, अख्खी घरं तिथं राहायला आलीत. चुली मांडल्यात, दोऱ्यांवर धुणं वाळतंय. हे सगळं दादाची संस्था चालवते. तो टँकरवाल्याशी भांडत होता. मला बघून भांडण न थांबवताच म्हणाला, "आलास? जेवलास का?" जणू मी काल नेकनूरच्या बाजाराला गेलो होतो.

नंतर ऊस मोजता मोजता म्हणाला, "पोरगी चांगली हाय. तू पैसे घालशील अन् तिला पुण्याला पळवशील."

"पळवायला ती काय शेळी हाय?" मी म्हणालो. त्याच्यासमोर माझी भाषा आपोआप बदलते.

सत्यभामाला एव्हाना कळलं होतं, मी कुणाचा भाऊ ते. "सांगितलं कावून न्हाई सर?" एवढंच विचारलं तिनं.

टाकी बघितली. हात लावला. झाकणाचा जोड किती सफाईनं केलाय! मला हे हवंय. पैशासाठी नाही, पैसा पुष्कळ झाला. अशा एखाद्या गोष्टीत आपलाही हात असावा, असं वाटतंय. ते कागदावर कसं मांडतात, ठाऊक नाही.

२४ मार्च, पुणे

आकडे आले आणि माझा विरस झाला.

सकाळचं दूध भरपूर. संध्याकाळी टाकी निम्मीसुद्धा भरत नाही. म्हशी त्याच, बाया त्याच, चारा तोच. मग दूध जातं कुठं? जी टाकी संध्याकाळच्या दुधासाठीच बनवली, तिला संध्याकाळचं दूध मिळत नसेल तर तिचा उपयोग काय?

मला उत्तर ठाऊक आहे. आमच्याकडे गावोगाव खव्याच्या भट्ट्या. रोख देतात, चिठ्ठीबिठ्ठी नाही. बाया सकाळचं संस्थेत घालतात आणि संध्याकाळचं भट्टीवाल्याला. इतकी वर्षं दुधात काढलीत मी.

२ एप्रिल

अटी पाठवल्या. पैसे घालायला तयार, पण कार्यालय पुण्यात हलवायचं. टाक्या खाजगी डेअऱ्यांना विकायच्या, सहकारी संस्थांना नाहीत — चेअरमन लोकांनी मला किती खेटे घालायला लावलेत ते मलाच माहीत. छावणीच्या फाटकावर कॅमेरे बसवायचे. जी बाई संध्याकाळी बाहेर दूध नेताना दिसेल, तिचं सकाळचंही बंद करायचं.

कडक आहे. पण ह्यात तिचंच भलं आहे.

६ एप्रिल, पाडवा

सत्यभामाचं उत्तर नाही. श्रीखंड आंबट निघालं.

१२ एप्रिल

शेवटी तिचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "कॅमेरे कावून सर?"

म्हटलं, दूध कुठं जातं ते कळेल.

"दूध कुठंच जात न्हाई सर."

मी जरा समजुतीच्या सुरात सांगितलं, की आपल्या माणसांवर विश्वास असणं चांगलंच, पण धंद्यात डोळे उघडे ठेवावे लागतात. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या "बरं"मध्ये बरं काही नव्हतं.

विमलनं ऐकलं होतं. "इथं बसून कॅमेरे लावण्यापेक्षा स्वतःच जाऊन बघा की! गाव तुमचंच आहे."

२० एप्रिल, नांदूरघाट

मतदान आटोपल्यामुळे दादा जरा मोकळा. मी मुक्काम छावणीतच टाकला, टाकीशेजारी बाजेवर. भट्टीवाल्याची मोटारसायकल टिपायची होती ना!

ऊन उतरलं. जनावरांची हजेरी झाली, मग वाढे आणि पेंड वाटली. चारा पुढ्यात पडल्याशिवाय म्हैस पान्हवत नाही, म्हणून धारा त्यानंतर. एकीकडे धारांचा आवाज, दुसरीकडे अंधार पडत चाललेला. काही बाया चरव्या घेऊन टाकीवर आल्या. बऱ्याच आल्याच नाहीत. मोटारसायकलही आली नाही.

शेजारी वच्छलाबाई. आमच्याच गल्लीतल्या, माझ्या आईच्या मैत्रीण, दोन म्हशी घेऊन फाल्गुनापासून छावणीत. पत्र्याच्या डब्यावर देवीचा फोटो, त्यापुढं पणती लावून नुकत्याच हात जोडून उठत होत्या. मी पेला घेऊन गेलो. "वच्छलाकाकू, चहापुरतं दूध द्या की. माझी पावडर संपली."

त्यांनी चरवीवर पदर झाकला. चक्क झाकला! "दिवा लागला की रं बाबा. आता न्हाई द्यायचं. बस इथं, चहाच करून देते."

मी तसाच उभा राहिलो, हातात पेला घेऊन.

दिवेलागण झाली की घरातून दूध बाहेर द्यायचं नाही. विरजण नाही, मीठ नाही. लक्ष्मी जाते. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? आईनं अशाच वेळी दारात आलेल्या शेजारणीला परत पाठवताना शंभरदा बघितलंय मी. आणि मी फाटकावर कॅमेरे लावायला निघालो होतो.

"मग ह्या दुधाचं काय करता काकू?"

"काय करायचंय? इरजते. ताक पितो समदे. तुला पायजे तर सकाळी ये, तांब्याभर देते."

"अन् संस्थेची टाकी?"

"टाकी ग्वाड हाय रं. पर ह्यांचा चाराच उशिरा. उजेड असंपतुर धार व्हईल तर घालीन की. कोन न्हाई म्हनतंय?"

चहा लई चांगला होता. लाज वाटत होती, तरी दोनदा घेतला.

२१ एप्रिल

सत्यभामा आली. मी मोठा शोध लावल्याच्या थाटात तिला दिवेलागणीचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"सर, ते तर समद्यांना ठाव हाय. तुमाला न्हवतं?"

विसरलो होतो, म्हटलं.

"मला वाटलं तुमाला ठाव हाय. आन् तरीबी तुमी त्या बायांवर कॅमेरे लावा म्हणताय! लई राग आलता मला. हा माणूस नांदूरघाटचा असून असा कसा, म्हणलं." मग हसू आवरेना तिला. "चारा लवकर वाटा म्हणून मी चेअरमनसाहेबांना दोनदा म्हणाले. ते म्हणले, तू टाकीचं बघ, छावणीचं मी बघतो."

दुपारी मी दादाकडे गेलो. दुभत्या जनावरांची हजेरी आणि चारा आधी करायचा, भाकड जनावरांचा नंतर, म्हणजे दिवे लागायच्या आत धारा होतील — एवढंच सांगितलं.

"पोरगी म्हणलीवती काहीतरी," दादा म्हणाला. "मला वाटलं तिच्या यंत्राचीच कायतरी भानगड. आईची पणती कशी इसरलो बे आपण?"

आपण म्हणाला. म्हणजे तोही विसरला होता! दोन भाऊ, एक दुधाचं राजकारण करून, एक दुधाची यंत्रं विकून म्हातारे झालेले. दोघंही हसत सुटलो. टँकरवाला बघत राहिला.

५ मे

टाकी भरली. दोन चरव्यांना जागा उरली नाही, तर वच्छलाकाकू भांडायला लागल्या!

मी झाकण लावलं. गार वाफ तोंडावर आली. उगाच डोळ्यांत पाणी आलं. वय झालं.

१९ मे, पुणे

कागद नव्यानं केले. पुण्याची अट काढली, संस्थांना विकायचं नाही ही काढली. कॅमेरे तर कधीच गेले. वकील म्हणाला, "सर, तुमच्या बाजूचं यात काही उरलंच नाही." म्हटलं, मग आता बरोबर झालंय.

तरी एकदा सगळं नीट वाचून घेतलं. टाकी भरल्याच्या आनंदात काही गफलत नको.

२९ मे, नांदूरघाट

तिनं नाही म्हटलं.

संस्थेच्या ओट्यावर बसलो होतो. मी कागद पुढं केले. तिनं शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचले. मग पहिल्यांदाच मला काका म्हणाली.

"काका, पैसे नकोत."

आधी वाटलं, चेष्टा. तिनं समजावून सांगितलं. ह्या भागातल्या चार-पाच संस्था एकत्र येऊन टाक्या घेणार आहेत. सभासदांनी शेअर वाढवून उचल दिलीय. शेड चालू राहील, हळूहळू वाढेल. दादा सगळ्यांकडे स्वतः फिरला म्हणे. मला एका शब्दानं बोलला नाही!

"माझ्या पैशात वाईट काय आहे?" विचारलं मी. आवाज चढला असावा.

"वाईट काहीच न्हाई. तुमी लई केलं. पण ह्याच्यात लिहिलंय, सात वर्सांनी तुमी बाहेर पडणार. तुमचा हिस्सा जो जास्त दील त्याला जाणार."

"ते सगळेच लिहितात. गुंतवणूक म्हणजे तेच असतं, सत्यभामा."

"व्हय की. पण आमाला कुठं बाहेर पडायचंय?"

मी कागदांची घडी केली, खिशात घातली. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा आशीर्वाद द्यायचंही भान राहिलं नाही.

३० मे

वाईट वाटलं. खूप. कंपनी विकली त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा हारतुरे होते, पेपरात फोटो होता, आपण काय देऊन बसलो ते कळायला वेळच मिळाला नाही.

रागही आलाय. तिच्यावर नाही. तिचं बरोबरच आहे. तिनं निदान "विचार करून कळवते" तरी म्हटलं नाही, तोंडावर सांगितलं.

४ जून, पुणे

दोन नवी पोरं येऊन गेली. काय म्हणत होती, ऐकलंच नाही.

९ जून

दादाला फोन केला. गुंतवणूक राहू दे, मला संस्थेचा साधा सभासद करून घे, म्हटलं. एक शेअर. बाहेर पडायचं कलम नाही, काही नाही. सभेत मागच्या सतरंजीवर बसेन.

तिकडून हसण्याचा आवाज. "उपविधी हाय बे. ज्याच्या दावणीला दुभतं जनावर हाय आन् जो संस्थेत दूध घालतो, त्यालाच शेअर. चेअरमनच्या भावाला सूट न्हाई."

माझा तोल गेला. "तुला माझं काहीच कधी घ्यायचं नसतं! यंत्र न्हाई घेतलं, आता मलाबी न्हाई!"

फोनवर त्याच्या मागं म्हशी ओरडत होत्या. मग म्हणाला, "यंत्र न्हाई घेतलं ते माझ्याबी लई दिवस मनाला लागलंवतं. पण आता मी न्हाई कुठं म्हणालो? उपविधी सांगितला नुसता."

आणि फोन ठेवला.

१६ जून, नेकनूर

म्हैस घेतली.

दुष्काळातला बाजार, जो तो विकायला आलेला. घेणारा मी एकटा, त्यामुळे बघ्यांची ही गर्दी! दादानं दात बघितले, सड बघितले, आणि भाव ठरवताना मला मागं उभं केलं. टेम्पोत ती माझ्याकडे तोंड करून उभी आहे. विमलला फोन लावला. आधी पोटभर हसली. मग विचारलं, "म्हणजे परत कधी येणार?"

म्हटलं, आता कसं सांगू? हिची रोज दोन वेळा धार काढावी लागते.